पाळणा केव्हा म्हणायचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते मास्तर आयुष्यभर पेटीवर बसले, व्यासपीठावर फारसे कधी आले नाहीत. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय पेटीच्या जवळपासचाच हवा, म्हणून मी तो तसा निवडला आहे. आगमनकाळात आणि नाताळात देवळात कोणती गाणी घ्यायची आणि कोणती घ्यायची नाहीत, एवढाच प्रश्न आहे. यातला दुसरा भाग जास्त अवघड. गाणी सुचवणारे पुष्कळ भेटतात. ‘हे आत्ता नको’ म्हणणारा मात्र गायकवृंदात एखादाच असतो आणि डिसेंबरात त्याच्याशी फारसे कोणी बोलत नाही.

सभागृहात ख्रिस्ती नसलेले श्रोतेही बरेच दिसतात, म्हणून आधी थोडा हिशेब. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. धर्मगुरूंचा झगा जांभळा होतो, वेदीवरची फुले कमी होतात आणि मिस्सा या मुख्य उपासनेतले गौरवगीत, म्हणजे ग्लोरिया, गायचे थांबते. आलेलुया मात्र चालू राहते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तेही थांबते, म्हणून हे दोन काळ सारखे समजू नयेत. १६ डिसेंबरपर्यंतच्या वाचनांचा भर प्रभूच्या दुसऱ्या येण्यावर, म्हणजे जगाच्या शेवटावर असतो. १७ तारखेपासून रोख बेथलेहेमकडे वळतो. पहिले दोन-अडीच आठवडे गोठ्याचा विषयच निघत नाही, ही गोष्ट आपल्या गायकवृंदांपैकी निम्म्यांना ठाऊक नसावी. निदान त्यांच्या गाण्यांवरून तरी तसे वाटते.

आता रामनवमीचे कीर्तन आठवा. बुवा दहा-साडेदहाला उभे राहतात. पूर्वरंग होतो, उत्तररंगात दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ येतो. बुवांचा एक डोळा कथेवर आणि एक घड्याळावर असतो. बायका पाळण्याभोवती गोळा झालेल्या असतात, दोरी कोणाच्या तरी हातात असते, पोरे गुलालाच्या ताटाकडे बघत असतात. बाराला जन्म होतो, गुलाल उधळतो आणि मग पाळणा सुरू होतो. सुंठवडा त्यानंतर. साडेअकरालाच पाळणा म्हणणाऱ्या बुवांना पुढच्या वर्षी बोलावणे येत नाही. आता आपल्याकडे पाहा. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, प्रवेशगीतालाच, बाळ गोठ्यात निजवून झालेले असते. पुढचे चार आठवडे कोणाची वाट पाहायची?

हा नियम कोणी सनातनी डोक्याने काढलेला नाही. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत ३१३ वा परिच्छेद आहे. आगमनकाळात ऑर्गन आणि इतर वाद्ये या काळाच्या स्वभावाला शोभेल अशा संयमाने वाजवावीत, जन्मोत्सवाचा पूर्ण आनंद आधीच ओतून टाकू नये, असा त्याचा आशय. वाद्ये बंद करा असे कुठेही म्हटलेले नाही. हात आखडता घ्या, एवढेच म्हटले आहे.

या संयमातून संगीत किती मोठे होऊ शकते ते पाहायचे तर जर्मनीतल्या लायप्झिगला जावे लागेल. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून तिथे संगीताची सूत्रे सांभाळत होता. त्याच्या काळात लायप्झिगच्या देवळांत आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी कँटाटा होई आणि पुढचे तीन रविवार वाद्यवृंदाचे मोठे संगीत बंद असे. लोक साधी भक्तिगीते म्हणत आणि घरी जात. बाखला या तीन आठवड्यांत तालमींना वेळ मिळत असणार, हा भाग वेगळा. पण श्रोत्याच्या बाजूने विचार करा. तीन आठवडे कान रिकामे, आणि २५ डिसेंबर १७३४ च्या सकाळी ‘ख्रिसमस ओरॅटोरिओ’ सुरू झाला तो नगाऱ्यांच्या एकट्या ठोक्यांनी. मागोमाग बासऱ्या, मग कर्णे, मग समूहस्वर. हे संगीत एका बैठकीचे नाही. २५, २६ आणि २७ डिसेंबर, १ जानेवारी, नंतरचा रविवार आणि ६ जानेवारी अशा सहा दिवसांना त्याचे सहा भाग वाटून दिलेले आहेत. जन्माआधी गप्प राहायचे आणि जन्मानंतर दोन आठवडे गात सुटायचे, असा त्या गावाचा शिरस्ता. आपण बरोबर उलटे करतो.

त्याच रचनेत एक जागा अशी आहे की ऐकणारा सावध होतो. पहिल्या भागातले पहिले भक्तिगीत पाउल गेरहार्ट या कवीचे, येणाऱ्या प्रभूचे स्वागत कसे करू असे विचारणारे, म्हणजे आगमनकाळाचेच. बाखने त्याला जी चाल दिली ती आज आपण गुड फ्रायडेच्या, काटेरी मुकुटाच्या गाण्याची म्हणून ओळखतो. आणि ती चाल मुळात हान्स लेओ हास्लर याने १६०१ साली छापलेल्या एका प्रेमगीताची! चालीवर कोणाची मालकी नसते आणि चाल कधी निर्दोष, कोरीही नसते. ती आपल्याबरोबर आधीच्या आठवणी घेऊन येते. त्या आठवणी ओळखून चाल निवडणे हे निवडणाऱ्याचे खरे काम. सिनेमाच्या चालीवर अर्पणगीत बसवणाऱ्या तरुण मित्रांना मी एवढेच म्हणेन, की हास्लरच्या प्रेमगीताला देवळात मुरायला बरीच वर्षे मिळाली होती. तुमच्या गाण्याचा नायक अजून पोस्टरवर आहे.

आता ज्यांना आपण सरसकट ‘कॅरल्स’ म्हणतो त्यांच्याकडे वळू. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ते १७३९ साल. त्याच वर्षी लंडनमध्ये चार्ल्स वेस्लीचे नाताळगीत छापले गेले. ‘हार्क द हेरल्ड एंजल्स’ या नावाने आपण ते ओळखतो, पण वेस्लीची पहिली ओळ वेगळी होती, ती नंतर जॉर्ज व्हाइटफील्डने बदलली. आजची चाल तर शंभर वर्षांनंतरची. मेंडेल्सोनने १८४० साली लायप्झिगमध्ये छपाईच्या शोधाच्या महोत्सवासाठी, गुटेनबर्गच्या गौरवार्थ ती केली. ती धार्मिक शब्दांना शोभणार नाही असे त्याचे स्वतःचे मत होते. विल्यम कमिंग्ज या इंग्रज गायकाने १८५० च्या दशकात दोन्ही एकत्र आणले, आणि कवी-संगीतकार दोघांच्याही मनात नसलेले हे गाणे जगभर गेले. हे मी मुद्दाम सांगतो. परंपरेतून आलेले म्हणून ज्याला हात लावायला आपण घाबरतो, त्यातले बरेचसे असेच कोणीतरी धीटपणे जुळवलेले आहे. मग मराठीत जुळवाजुळव करताना आपणच का संकोचावे?

‘जॉय टू द वर्ल्ड’ची गंमत और आहे. आयझॅक वॉट्सने १७१९ साली स्तोत्रसंहितेतल्या ९८ व्या स्तोत्रावरून ते लिहिले. त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही, बाळसुद्धा नाही. राजा येतो आहे आणि सृष्टी त्याला सामोरी जाते आहे, इतकेच. म्हणजे ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी शोभेल, आणि आपण नेमके तेच २४ तारखेसाठी राखून ठेवतो! उलट गोठ्यातल्या बाळाची निव्वळ अंगाईगीते डिसेंबरच्या सुरुवातीला उधळतो. गाण्याच्या वहीवर ‘नाताळ’ असा शिक्का पाहून निवड केली की असे होते. शब्द वाचून निवड करायची असते.

अंगाईचाच विषय निघाला म्हणून ‘सायलेंट नाइट’. २४ डिसेंबर १८१८ रोजी, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी हे गाणे पहिल्यांदा झाले. शब्द योझेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, १८१६ मध्ये लिहिलेले. चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराची. साथीला गिटार. उंदरांनी ऑर्गनचे भाते कुरतडले म्हणून गिटार घेतली ही कथा नंतर रचलेली, पण लहान मुलांना सांगायला चांगली आहे. मला त्यात रस आहे तो तालामुळे. हे गाणे सहा मात्रांत डुलते. आपला तबलजी ते पहिल्यांदा ऐकतो आणि कोणी न सांगता दादरा धरतो, कारण त्याच्या घरातले पाळणेही याच झुल्यावर म्हटले जातात. भाषांतर रखडले तरी गाणे इकडे रुजले याचे एक कारण हा झुला असावा. पण झुला आला की बाळ आले. ते आगमनकाळात नको, रामनवमीच्या बुवांना विचारा.

‘मग लोक नाराज होतात’ ही तक्रार खरी आहे. शाळांना सुटी लागण्याआधी कॅरल स्पर्धा उरकायच्या असतात, दुकानांत नोव्हेंबरपासून घंटा वाजत असतात, परगावची मुले विसाव्या तारखेला घरी येतात. त्यांना ‘थांबा’ कसे म्हणायचे? यावर इंग्लंडमध्ये एक तोड निघाली. ट्रूरो या गावी बिशप बेन्सन यांनी १८८० च्या नाताळच्या आदल्या रात्री नऊ वाचने आणि मधेमधे कॅरल्स अशी वेगळी उपासना घेतली. कॅथीड्रल बांधून व्हायचे होते म्हणून ती एका लाकडी शेडमध्ये झाली. लोकांना त्या रात्री दारूच्या गुत्त्यांपासून दूर ठेवण्याचा हेतू होता, असे सांगतात. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१८ साली, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एरिक मिल्नर-व्हाइट यांनी तिला नवे रूप दिले आणि पुढे रेडिओने ती जगभर नेली. कॅरल्सना स्वतःचे घर मिळाले, मिस्साची रचना मोडली नाही. आपल्याकडे घरोघर जाणारे कॅरलचे जथे आहेत, हॉल आहेत, अंगणे आहेत. तिथे मनसोक्त गा. १८ डिसेंबरला कोणाच्या ओट्यावर पाळणा झाला तर मी हरकत घेणार नाही, चहासुद्धा घेईन. रविवारच्या मिस्सात मात्र वाट पाहणारीच गाणी हवीत.

गोव्यात हा पेच आणखी गुंतागुंतीचा. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण, ८ तारखेला पणजीच्या देवळाचा निष्कलंक मातेचा सण. म्हणजे आगमनकाळाच्या ऐन सुरुवातीला दोन मोठे उत्सव. त्या दोन दिवशी ग्लोरिया म्हणायचे असते, नियमानेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा शांत व्हायचे. हे जमवायला गायकवृंदप्रमुखाच्या टेबलावर दिनदर्शिका हवी.

वाट पाहण्याची गाणी आणायची कुठून, हा खरा प्रश्न. मराठीइतकी ती फार थोड्या भाषांत असतील. गोव्यात रायतूर इथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मूळचा इंग्लंडचा हा येशूसंघी माणूस; त्याने दहा हजारांहून जास्त ओव्या मराठीत लिहिल्या आणि त्या रोमन लिपीत छापल्या. गोव्याच्या देवळांत त्या गायल्या जात. या ग्रंथाचे दोन भाग आहेत. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे चरित्र आणि पहिल्यात जुना करार, सृष्टीच्या आरंभापासून तारणाऱ्याच्या येण्यापर्यंत. म्हणजे हजारो ओव्या नुसत्या वाट पाहण्याच्या! मराठीतला पहिला आगमनकाळ इतका लांब आहे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यातून त्याची देवनागरी आवृत्ती काढली. आपल्या किती देवळांच्या कपाटात ती आहे, हे मी विचारत नाही.

नगरकडचा इतिहास निराळा. तिथे काम करणारी अमेरिकन मराठी मिशन बॉस्टनहून निघाली. तिचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांचे पूर्वज प्युरिटन. त्या प्युरिटनांनी मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, तो कायदा १६८१ मध्ये उठला! या घराण्यात आगमनकाळ पाळण्याची रीत असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे त्या मंडळ्यांत ऋतूंपेक्षा विषयांकडे पाहून गाणी निवडण्याची सवय रुजली असावी, असा माझा अंदाज आहे. पण याच नगरात नारायण वामन टिळकांसारखा कवी १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर अभंग आणि पदे लिहीत राहिला, आणि इंग्रजी चालींत कोंबलेल्या मराठीचा कंटाळा आलेल्या लोकांना श्वास घेता आला. टिळकांच्या अभंगांत देवाच्या भेटीची जी ओढ आहे ती तुकोबांच्या शाळेतली आहे. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी ख्रिस्तप्रसादाच्या वेळी असा एखादा अभंग बसवून पाहा. भजनी ठेका, पेटी, टाळ, बास. सिंथेसायझर झाकून ठेवा.

आणखी एक प्रकार सुचवतो, तो भूपाळी. युरोपात ऑस्ट्रिया, बव्हेरिया, पोलंड इथे आगमनकाळात पहाटे, सूर्य उगवण्याआधी, फक्त मेणबत्त्यांच्या उजेडात मरियेच्या सन्मानार्थ मिस्सा होते. पोलंडमध्ये शाळकरी पोरे कंदील घेऊन थंडीत तिला जातात. आपल्याकडे कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी पहाटे काकडआरती होते. ती संपते आणि थोड्याच दिवसांत आगमनकाळ सुरू होतो. पहाटे गाणे ऐकून उठायची सवय आपल्या शेजारपाजारच्या कानांना आहे. पहिल्या रविवारचे शुभवर्तमान जागे राहण्याबद्दलच असते. भूपाळीत देवाला उठवतात, इथे मंडळीला उठवायचे. भैरवच्या सुरांत, संथ, एका आवाजात, ढोलक न घेता. वसईतल्या एखाद्या धर्मग्रामाने एकच शनिवार पहाटे साडेपाचला हे करून पाहावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला, त्यात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. त्या तारखेला आगमनकाळच चालू होता.

आता थोडे पेटीजवळचे. गाणे निवडताना आधी सूर पाहा. सा काळी दोनवर आणि गाणे तार पंचमापर्यंत गेले की अर्धी मंडळी गप्प होते आणि गायकवृंद एकटाच गातो, वर स्वतःवर खूश होतो. पांढरी एकवर आणा, कधी त्याहूनही खाली. ‘ओ होली नाइट’ हे मुळात एकल गायकाचे गाणे आहे, मंडळीने त्यात उडी मारू नये. प्रतिसादस्तोत्राच्या जागी आवडते गाणे घालू नका, ते स्तोत्र त्या दिवसाच्या वाचनाला उत्तर असते. आणि नवे गाणे एका आगमनकाळात एकच. पहिल्या रविवारी मिस्साआधी दहा मिनिटे शिकवायचे आणि तेच चारही रविवारी प्रवेशाला घ्यायचे. दुसऱ्या रविवारी लोक पुटपुटतात, तिसऱ्याला गातात, चौथ्याला मुले रिक्षात म्हणतात. दर आठवड्याला नवे गाणे आणणारा गायकवृंद कार्यक्रम करत असतो. कीबोर्डवरची ती तयार तालाची बटणे चार आठवडे चिकटपट्टीने बंद करता आली तर फार बरे, पण हे सुचवून मी तरुणांची मैत्री धोक्यात घालतो आहे.

मध्यरात्रीच्या मिस्साला मग सगळे खुले. चार आठवडे गाडून ठेवलेले ग्लोरिया, घंटा, ढोल, जे असेल ते. बिहाग, मालकंस हे रात्रीचे राग कोणी मिस्सात वापरू इच्छित असेल तर वेळ हीच. पाळणाही याच रात्री, बाळाची मूर्ती गोठ्यात ठेवताना.

पण खरी पंचाईत २६ पासून सुरू होते. गायकवृंद दमलेला, अर्धे गोव्याला, अर्धे झोपलेले. पवित्र कुटुंबाच्या सणाला पेटीवर एक आणि गायला तीन. नाताळ तर प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत चालतो. आपल्या पाळण्याची दुसरी हक्काची जागा बारशाची, आणि लूकच्या शुभवर्तमानात बाळाचे नाव आठव्या दिवशी ठेवले आहे. म्हणजे १ जानेवारीला पाळणा म्हणायला कोणाची आडकाठी? त्या सकाळी मात्र आपण नव्या वर्षाचे काहीतरी गुळमुळीत गातो.

आणि २८ डिसेंबर. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा दिवस. इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात शिंपी आणि लोकरी कापड कातरणाऱ्यांच्या संघांचे एक नाटक सोळाव्या शतकात होत असे. त्यात सैनिक येण्याआधी आया आपल्या लेकरांना निजवतात, त्यांचे गाणे टिकून राहिले आहे. अंगाईच, पण आईला ठाऊक आहे की बाळ वाचणार नाही. नाताळच्या आठवड्यात असे गाणे हवे, असे मला ठामपणे वाटते. मराठीत ओव्यांची एवढी संपत्ती असून या दिवसाचा पाळणा माझ्या तरी कानावर आलेला नाही. बायकांनी तो लिहावा.

दुसरी मागणी याहून सोपी आहे. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी सायंप्रार्थनेत येणाऱ्या तारणाऱ्याला सात नावांनी हाक मारण्याची रीत हजार वर्षांहून जुनी आहे. ज्ञान, प्रभू, इशायाचा कोंब, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा आणि इम्मानुएल. सात हाका, सात ओव्या, स्टीफन्सच्या घाटाच्या, पहिल्या तीन चरणांना यमक. चाल जात्यावरची चालेल. समोरच्या रांगेत निदान तीन कवी बसलेले मला दिसतात. ओव्या दिवाळीपर्यंत हातात आल्या तर नोव्हेंबरात तालमी होतील. त्याच्यानंतर आलेल्या पुढच्या वर्षी.